मीडियाविकीच्या कोडमध्ये पहिला पॅच: स्वतःच्या संगणकापासून मराठी विकिपीडियापर्यंत

प्रश्न असा आहे: पीएचपी आणि जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी येते. मराठी विकिपीडिया वापरताना काही ठिकाणी आकडे इंग्रजीच दिसतात, काही सूचनांची वाक्यं उलटसुलट वाटतात. हे कोडमध्ये शिरून, म्हणजे पॅच (कोडमधला छोटा बदल) पाठवून दुरुस्त करायचं आहे. विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्या मीडियाविकीचं भांडार गिटहबवर सापडलं, पण तिथे पुल रिक्वेस्ट स्वीकारत नाहीत. मग सुरुवात कुठून करायची?

गिटहबवर दिसते ती फक्त आरशातली प्रत आहे. मीडियाविकीचा मूळ कोड विकिमीडियाच्या गेरिट सर्व्हरवर (कोडमधले बदल तपासून स्वीकारण्याची जागा) राहतो, कामांची नोंद फॅब्रिकेटरवर होते आणि भाषांतरं ट्रान्सलेटविकी डॉट नेटवर होतात. ही तीन ठिकाणं वेगवेगळी आहेत आणि सगळीकडे एकच खातं चालत नाही हे सुरुवातीलाच लक्षात घेतलं की बराच गोंधळ टळतो. संगणकावर सगळं उभं करायला अर्धा दिवस पुरतो. लोक अडतात ते पुढे: बदल पुरेसा लहान नसतो, किंवा तपासणाऱ्याला हवा त्या स्वरूपात पोचत नाही. म्हणून उभारणी आटोपशीर सांगतो आणि पुढच्या भागावर जास्त वेळ देतो. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची.

आधी दोष कुठला ते ठरवा

मराठी विकिपीडियावर दिसणारी प्रत्येक चूक मीडियाविकीच्या कोडमधली नसते. ती एखाद्या साच्यात किंवा लुआ विभागात असू शकते, गॅजेटच्या (विकीवरच लिहिलेल्या जोडसोयीच्या) जावास्क्रिप्टमध्ये असू शकते, स्थानिक पातळीवर बदललेल्या संदेशात (इंटरफेसच्या मजकुरात) असू शकते, नुसती भाषांतराची असू शकते, आणि या सगळ्यानंतर कोडची असू शकते. हे न तपासता पॅच लिहायला बसलात तर दोन दिवस वाया जातात.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. पानाच्या पत्त्याच्या शेवटी ‘सेफमोड=१’ हा पॅरामीटर जोडा. त्याने त्या विकीची आणि तुमची स्वतःची सगळी स्क्रिप्ट व शैली बंद होतात. चूक गायब झाली तर ती गॅजेटची किंवा स्थानिक स्क्रिप्टची. ती दुरुस्त करायला त्या विकीच्या इंटरफेस प्रचालकांशी बोलायचं, गेरिटचा संबंध नाही.

चूक तशीच राहिली तर ‘यूजलँग=क्यूक्यूएक्स’ जोडा. आता पानावर भाषांतराऐवजी प्रत्येक संदेशाची किल्ली कंसात दिसते आणि तिच्या पुढे त्याला दिलेले पॅरामीटर दिसतात. ही किल्ली म्हणजे कोडपर्यंत पोचायचा सगळ्यात जवळचा रस्ता, ती लिहून ठेवा. मग मराठी विकिपीडियावर ‘मीडियाविकी:’ या नामविश्वात त्या किल्लीच्या नावाचं पान कुणी तयार केलंय का ते बघा. असेल तर मूळ भाषांतर झाकलं गेलंय आणि ट्रान्सलेटविकीवर कितीही सुधारणा केली तरी ती मराठी विकिपीडियावर दिसणार नाही. कैक वर्षांपूर्वी केलेली अशी स्थानिक पानं तशीच पडून राहतात आणि नवे लोक सॉफ्टवेअरला दोष देतात. पान नसेल, तर ट्रान्सलेटविकीवर त्या किल्लीचं मराठी भाषांतर वाचा. तिथेच चूक असेल तर तिथेच दुरुस्त करा. सगळं ठीक असूनही पडद्यावर चुकीचं येतंय, तर दोष कोडचा.

एक पक्का नियम: भांडारातली ‘एमआर.जेसन’ ही फाइल हाताने कधीही बदलायची नाही. ट्रान्सलेटविकीचा बॉट ठरावीक काळाने भाषांतरं थेट भांडारात आणून टाकतो आणि तुमचा बदल पुसला जातो. तपासणारे असा पॅच पहिल्याच ओळीत परत पाठवतात. कोड लिहिणाऱ्याने फक्त दोन फाइलींना हात लावायचा: ‘ईएन.जेसन’ म्हणजे इंग्रजी मूळ आणि ‘क्यूक्यूक्यू.जेसन’ म्हणजे भाषांतरकारांसाठीची टीप.

उभारणी

डॉकर वापरा, म्हणजे विकी संगणकावर एका वेगळ्या ‘कंटेनर’ मध्ये चालतो. भांडारातच डॉकर कंपोजची फाइल आहे आणि ‘डेव्हलपर्स.एमडी’ मध्ये पायऱ्या दिल्या आहेत. गेरिटवरून ‘मीडियाविकी/कोअर’ क्लोन करा. इतिहास लाखाहून जास्त कमिटचा आहे, त्यामुळे डाउनलोड मोठं आहे. नेट मंद असेल तर ‘डेप्थ १’ देऊन फक्त वरचा थर आणता येतो आणि पूर्ण इतिहास नंतर ‘अनशॅलो’ करून मागवता येतो. पण एखादी ओळ कुणी, कधी, का लिहिली हे शोधायला इतिहास फार उपयोगी पडतो, म्हणून शक्य तेव्हा पूर्णच घ्या.

क्लोन झाल्यावर मूळ फोल्डरमध्ये ‘.ईएनव्ही’ नावाची फाइल करायची. तिच्यात स्क्रिप्टचा मार्ग ‘/डब्ल्यू’, सर्व्हरचा पत्ता लोकलहोस्ट ८०८०, डॉकरचा पोर्ट ८०८०, प्रचालकाचं नाव आणि परवलीचा शब्द येतात. लिनक्सवर स्वतःचा यूजर आयडी आणि ग्रुप आयडीही याच फाइलीत लिहा. ते विसरलं की कंटेनरने बनवलेल्या फाइली रूटच्या नावावर जातात आणि पुढे गिटपासून कंपोजरपर्यंत सगळीकडे ‘परवानगी नाही’ हा संदेश पाठ सोडत नाही. एक्सडीबगची (पीएचपीतले दोष शोधायच्या साधनाची) गरज लागेपर्यंत ते बंद ठेवा, नाहीतर चाचण्या रखडतात.

यानंतर तीन आज्ञा: ‘डॉकर कंपोज अप -डी’, मग कंटेनरच्या आत ‘कंपोजर अपडेट’ (कंपोजर म्हणजे पीएचपीच्या लायब्ररी आणणारं साधन), मग ‘/डॉकर/इन्स्टॉल.एसएच’. शेवटची स्क्रिप्ट एसक्यूलाइटचा डेटाबेस आणि ‘लोकलसेटिंग्ज.पीएचपी’ तयार करते. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ८०८० उघडलं की विकी दिसायला हवा. दिसेल तो उघडाबोडका, कारण कोअरच्या भांडारात त्वचा (‘स्किन’, म्हणजे पानाची मांडणी आणि रूप) नसतात. ‘व्हेक्टर’ ही त्वचा वेगळी क्लोन करून ‘स्किन्स’ फोल्डरमध्ये ठेवा आणि लोकलसेटिंग्जमध्ये ‘डब्ल्यूएफलोडस्किन’ ची ओळ लिहा. विस्तारांचंही असंच, फक्त त्यांच्या ओळीत ‘डब्ल्यूएफलोडएक्स्टेन्शन’ येतं. मराठीच्या कामासाठी ‘युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर’ आणि ‘सीएलडीआर’ हे दोन विस्तार सोबत घ्या. ‘व्हिज्युअल एडिटर’ घेणार असाल तर क्लोननंतर गिटचे सबमॉड्यूलही आणावे लागतात, नाहीतर संपादक उघडतच नाही.

इथे हमखास अडवणाऱ्या गोष्टी:

डेटाबेसची फाइल लिहिता येत नाही असा संदेश आला तर ‘कॅश/एसक्यूलाइट’ फोल्डरला कंटेनरच्या आतून लिहिण्याची परवानगी द्या.

८०८० पोर्ट दुसऱ्या कशाने व्यापला असेल तर ‘.ईएनव्ही’ मध्ये सर्व्हरचा पत्ता आणि डॉकरचा पोर्ट असे दोन्ही बदला. उभारणी आधीच झाली असेल तर लोकलसेटिंग्जमधला ‘डब्ल्यूजीसर्व्हर’ सुद्धा बदला. तो राहिला की पान उघडतं, पण पहिल्याच दुव्यावर टिचकी मारताच ब्राउझर जुन्या पोर्टवर जातो.

पुन्हा उभारणी करताना जुनी लोकलसेटिंग्ज फाइल जागेवर असेल तर इन्स्टॉलर थांबतो. तिचं नाव बदलून बाजूला ठेवा.

विंडोजवर काम डब्ल्यूएसएल २ मध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) करा आणि कोड लिनक्सच्या बाजूच्या फाइल सिस्टिममध्ये ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवलात तर प्रत्येक पान उघडायला काही सेकंद लागतात. गिटने ओळींचे शेवट विंडोज पद्धतीचे केले असतील तर इन्स्टॉलची शेल स्क्रिप्ट न समजणाऱ्या त्रुटी देऊन बंद पडते. ‘ऑटोसीआरएलएफ’ बंद करून पुन्हा क्लोन करणं हाच कमी त्रासाचा उपाय.

काही दिवसांनी ‘गिट पुल’ केलं आणि विकी कोसळला, तर आधी ‘कंपोजर अपडेट’ आणि मग ‘मेंटेनन्स/रन अपडेट’ चालवा. कोअर, त्वचा आणि विस्तार सगळे एकाच वेळी मास्टर शाखेवर ताजे करा. कोअर आजचं आणि विस्तार तीन महिन्यांपूर्वीचा, ही जोडी मोडणारच.

डॉकर झेपत नसेल तर दुसरा रस्ता आहे. संगणकावर पीएचपी ताज्या कोअरला हव्या त्या आवृत्तीचं असेल (१.४३ या दीर्घकालीन आवृत्तीला किमान ८.१ लागतं), शिवाय इंटल, एमबीस्ट्रिंग, एक्सएमएल आणि एसक्यूलाइट ही एक्स्टेन्शन असतील, तर ‘कंपोजर अपडेट’, ‘कंपोजर एमडब्ल्यू-इन्स्टॉल:एसक्यूलाइट’ आणि ‘कंपोजर सर्व्ह’ एवढ्यावर लोकलहोस्ट ४००० ला विकी उभा राहतो. छोट्या बदलांना हे पुरतं. आणि दुसऱ्याचा पॅच फक्त वापरून बघायचा असेल तर काहीच उभारायला नको. विकिमीडियाच्या ‘पॅच डेमो’ या सेवेत गेरिटवरचा क्रमांक दिला की त्या बदलासह एक तात्पुरता विकी मिळतो.

लोकलसेटिंग्जमध्ये ‘डेव्हलपमेंटसेटिंग्ज.पीएचपी’ जोडली गेली आहे याची खात्री करा. तिच्यामुळे त्रुटी पूर्ण तपशिलासह दिसतात. जावास्क्रिप्ट किंवा शैलीतला बदल ब्राउझरमध्ये दिसेना, तर पत्त्यात ‘डीबग=१’ जोडा. रिसोर्सलोडर हा मीडियाविकीचा भाग स्क्रिप्ट आणि शैली एकत्र करून, दाबून पाठवतो आणि त्याचं स्टार्टअप मॉड्यूल साधारण पाच मिनिटं कॅशमध्ये राहतं. कोड बरोबर असूनही ‘काहीच बदललं नाही’ असं वाटतं ते बहुधा यामुळेच.

आकड्यांचा दोष, जवळून

प्रश्नातल्या इंग्रजी आकड्यांचंच उदाहरण घेऊ, कारण पहिल्या पॅचसाठी याहून चांगलं काम नाही. एखाद्या विशेष पानावर मराठी वाक्यात मध्येच इंग्रजी 25 दिसतात. क्यूक्यूएक्सने किल्ली मिळाली. आता ‘गिट ग्रेप’ ने ती किल्ली शोधा. दोन ठिकाणी सापडेल: ईएन.जेसन मध्ये आणि एखाद्या पीएचपी वर्गात. पीएचपीत बहुतेक असं आढळतं की संदेशाला आकडा ‘पॅराम्स’ या पद्धतीने, किंवा किल्लीच्या लगेच पुढचा आर्ग्युमेंट म्हणून, तसाच दिलेला आहे. मीडियाविकी अशा पॅरामीटरला नुसता मजकूर समजतो आणि हात लावत नाही. तो ‘नमपॅराम्स’ ने दिला की वाचकाच्या भाषेप्रमाणे अंक आणि स्वल्पविराम बदलून मिळतात. मराठीची अंकतालिका ‘मेसेजेसएमआर.पीएचपी’ मध्ये आहेच. इंग्रजी वापरणाऱ्याला चार आकडी संख्या येईपर्यंत यात फरकच दिसत नाही, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला येत नाही. मराठी, बंगाली, अरबी, फारसी वाचणाऱ्यालाच तो खुपतो.

दुरुस्ती एका ओळीची असली तरी तीन गोष्टी तपासा. पहिली, येणारा आकडा आधीच कुठे फॉरमॅट झालेला नाही ना. झाला असेल तर तो आता स्ट्रिंग आहे. ‘फॉरमॅटनम’ ला संख्या हवी असते आणि दुहेरी फॉरमॅटिंगवर इशारे येतात. दुसरी, तो आकडा खरोखर मोजणीचा आहे ना. सन किंवा पानाचा क्रमांक नमपॅराम्समधून गेला की २०२४ चं २,०२४ होतं. अशा ठिकाणी विभाजकाविना फॉरमॅट करणारी ‘फॉरमॅटनमनोसेपरेटर्स’ वापरायची. तिसरी, तोच पॅरामीटर संदेशात दुव्याच्या पत्त्यात वापरलेला नाही ना. देवनागरी अंक पत्त्यात गेले तर दुवा तुटतो.

एकवचन-अनेकवचन ठरवणाऱ्या ‘प्लूरल’ ची काळजी नको, ते देवनागरी अंक उलट वाचून घेतं. जावास्क्रिप्टमध्ये मात्र दोन गोष्टी स्वतः बघायच्या: आकडा ‘एमडब्ल्यू.लँग्वेज.कन्व्हर्टनंबर’ मधून जाऊ द्यायचा, आणि मॉड्यूलच्या अवलंबनांत ‘मीडियाविकी.जेक्वेरीएमएसजी’ आहे याची खात्री करायची. ते नसेल तर पडद्यावर महिरपी कंसांसकट कच्चं ‘प्लूरल’ उमटतं.

उलटसुलट वाक्यांचं मूळ वेगळं असतं. कोड लिहिणाऱ्याने वाक्य तुकड्यांत केलेलं असतं: एक संदेश ‘बदल करणारा’ अशा अर्थाचा, त्याला जोडून सदस्याचं नाव, त्याला जोडून दुसरा संदेश तारखेचा. इंग्रजीत हा क्रम जुळतो. मराठीत नावाला ‘यांनी’ लागतं आणि क्रियापद शेवटी जातं, त्यामुळे भाषांतरकार कितीही चांगला असला तरी वाक्य नीट होऊ शकत नाही. उपाय एकच: एकच पूर्ण संदेश करायचा, नाव हा $१, तारीख हा $२. असा बदल करताना जुनी किल्ली न वापरता नवी द्या. अर्थ बदललेला संदेश जुन्याच किल्लीवर ठेवला तर सगळ्या भाषांतली जुनी अर्धवट भाषांतरं नव्या जागी दिसू लागतात. उलट, फक्त शेवटी एखादा पॅरामीटर वाढवायचा असेल तर किल्ली तीच चालते. पण असलेल्या पॅरामीटरचे क्रमांक आपसांत बदललेत तर शेकडो भाषांतरं एकदम बिघडतात.

याच सुमारास आणखी एक उपकार करता येतो. जिथे सदस्याबद्दल वाक्य आहे तिथे त्याचं सदस्यनाव पॅरामीटर म्हणून पाठवा, इंग्रजीला त्याची गरज नसली तरी. ते असेल तरच मराठी भाषांतरकाराला ‘जेंडर’ वापरून ‘आला’ आणि ‘आली’ वेगळं लिहिता येतं. आणि क्यूक्यूक्यू.जेसन मध्ये $१ म्हणजे काय, संदेश बटणावर दिसतो की वाक्यात, हे स्पष्ट लिहा. टीप नसलेल्या एका शब्दाच्या संदेशाचं भाषांतर करणं म्हणजे अंदाज बांधणं. ‘आर्काइव्ह’ हे नाम आहे की क्रियापद, हे भाषांतरकाराला कळणार कसं?

तिसरा प्रकार बाइटचा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं असतात. पानाच्या शीर्षकाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं, आणि जोडाक्षरं धरली तर त्याहून कितीतरी कमी अक्षरं. संपादन सारांशालाही पूर्वी हीच मर्यादा होती. आता ती ५०० युनिकोड चिन्हांची आहे. कोडमध्ये मजकूर छाटण्याच्या दोन पद्धती आहेत: ‘ट्रंकेटफॉरडेटाबेस’ बाइट मोजते, ‘ट्रंकेटफॉरव्हिज्युअल’ चिन्हं मोजते. पडद्यावर दाखवायच्या मजकुराला पहिली वापरली गेली की मराठी मजकूर इंग्रजीच्या एक तृतीयांश लांबीतच तुटतो. अशी जागा दिसली तर फॅब्रिकेटरवर नोंद करा, चांगला पॅच होतो.

खाती आणि गेरिटची चाल

विकिपीडियाचं खातं गेरिटवर चालत नाही. विकिमीडियाचं डेव्हलपर खातं वेगळं काढावं लागतं. त्यात दोन नावं असतात: एक लॉगिनसाठीचं आणि एक शेलचं. एसएसएचने जोडताना शेलचं नाव वापरायचं. इथे चूक झाली की किल्ली बरोबर असूनही ‘परवानगी नाकारली’ येतं. गेरिटचा एसएसएच पोर्ट २९४१८ आहे, आणि कॉलेज किंवा कार्यालयाच्या नेटवर्कवर तो बऱ्याचदा बंद असतो. तसं असेल तर गेरिटच्या सेटिंग्जमधून एचटीटीपी परवलीचा शब्द तयार करून एचटीटीपीएसने काम करा. गिटमध्ये दिलेला ईमेल आणि गेरिटवर नोंदवलेला ईमेल एकच असायला हवा, नाहीतर पुश नाकारलं जातं.

‘गिट-रिव्ह्यू’ हे साधन बसवा आणि भांडारात एकदा ‘गिट रिव्ह्यू -एस’ चालवा. त्याने रिमोट तयार होतं आणि कमिट संदेशात ‘चेंज-आयडी’ घालणारा हुक बसतो. मग ओरिजिन/मास्टरवरून शाखा काढा, बदल करा, कमिट करा आणि ‘गिट रिव्ह्यू’ म्हणा.

गिटहबची सवय असलेल्याने एक गोष्ट पूर्णपणे विसरायची आहे. गेरिटवर एक बदल म्हणजे एक कमिट. सुधारणा सुचवली गेली तर नवा कमिट करायचा नाही. जुनाच कमिट ‘अमेंड’ करायचा आणि पुन्हा ‘गिट रिव्ह्यू’ करायचं. चेंज-आयडी तोच राहिल्यामुळे गेरिट त्याला त्याच बदलाचा पुढचा पॅचसेट मानतो. दुसरा कमिट केलात तर गिट-रिव्ह्यू ‘एकाहून जास्त कमिट पाठवताय’ असं विचारतं. तिथे नाही म्हणा, इंटरॅक्टिव्ह रीबेसने दोन्ही एकत्र करा आणि पहिल्याचा चेंज-आयडी ठेवा. अमेंड करताना ती ओळ चुकून पुसली तर त्याच कामाचा दुसरा बदल तयार होतो आणि आधीची सगळी चर्चा मागे राहते. मास्टर पुढे गेला असेल तर फेच करून रीबेस करा. साधं पुल केल्याने विलीनीकरणाचा कमिट तयार होतो, तो इथे चालत नाही.

कमिट संदेश इंग्रजीत लिहायचा. पहिली ओळ छोटी, साधारण ७० अक्षरांत: घटकाचं नाव, कोलन (:) आणि काय केलं ते. मग रिकामी ओळ, मग का केलं ते. का हे महत्त्वाचं. काय केलं ते फरकात दिसतंच. शेवटी रिकामी ओळ सोडून ‘बग: टी’ आणि फॅब्रिकेटरचा क्रमांक, आणि त्याच्या लगेच खाली चेंज-आयडी. या दोन ओळींमध्ये रिकामी ओळ ठेवू नका, नाहीतर बगची ओळ तळटीप म्हणून ओळखली जात नाही आणि फॅब्रिकेटरवरच्या कामात बॉट तुमच्या पॅचची नोंद करत नाही.

पाठवण्याआधी

‘कंपोजर फिक्स’ चालवा. मोकळ्या जागा आणि टॅबच्या बहुतेक चुका ते स्वतः काढतं. मीडियाविकीत इंडेंट टॅबने असतो आणि कंसांच्या आत मोकळी जागा सोडतात. ज्या वर्गाला हात लावला त्याच्या पीएचपीयूनिट चाचण्या चालवा. सगळ्या चालवायची गरज नाही, ते काम सर्व्हरवर होतंच. जावास्क्रिप्ट, शैली किंवा संदेश बदलले असतील तर ‘एनपीएम टेस्ट’ चालवा. त्यातला ‘बनाना’ हा तपासनीस ईएन.जेसन मध्ये असलेली पण क्यूक्यूक्यू.जेसन मध्ये नसलेली किल्ली लगेच पकडतो. नव्या लोकांचे पॅच सर्व्हरवर लाल होतात (चाचणीत नापास होतात) ते बऱ्याचदा याच कारणाने.

सुरक्षेची एक बाब तपासणारे कधीच सोडत नाहीत. संदेश एचटीएमएलमध्ये टाकताना ‘टेक्स्ट’ ने घेतलेला मजकूर तसाच छापू नका. ‘एस्केप्ड’ किंवा ‘पार्स’ वापरा. ‘एचटीएमएल::एलिमेंट’ आतला मजकूर सुरक्षित करून देतं, ‘एचटीएमएल::रॉएलिमेंट’ देत नाही. विकीवरचे संदेश प्रचालक बदलू शकतात, म्हणून संदेशाचा मजकूरही विश्वासाचा धरायचा नसतो. आणि सुरक्षेचा खरा दोष सापडला तर तो उघड कामात किंवा गेरिटवर मांडू नका. फॅब्रिकेटरवर सुरक्षा दोषांसाठी वेगळा, बंद अर्ज आहे.

काम निवडताना ‘गुड फर्स्ट टास्क’ ही खूण असलेली कामं बघा, पण तिथे ‘मला हे काम द्या’ असं लिहून वाट बघत बसू नका. परवानगी लागत नाही. पॅच पाठवला की तोच तुमचा दावा. नाव लावून महिनोन्‌महिने अडवून ठेवलेली कामं दुसऱ्या नवख्यालाही परत पाठवतात, हे खरंच नुकसान आहे.

तपासणी आणि पुढचा प्रवास

पॅच पोचताच जेनकिन्स हा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम आपोआप चाचण्या चालवतो. ‘व्हेरिफाइड +२’ म्हणजे चाचण्या पास. लाल आलं तर नोंद उघडून पहिली त्रुटी वाचा, शेवटची नव्हे. त्रुटीचा तुमच्या बदलाशी संबंध दिसत नसेल तर ‘रीचेक’ अशी टिप्पणी टाकली की चाचण्या पुन्हा चालतात. माणसांची मतं वेगळी: +१ म्हणजे मला पटलं, -१ म्हणजे सुधारणा हवी, +२ म्हणजे विलीन करा. +२ देण्याचा अधिकार मोजक्यांना असतो आणि स्वतःच्या पॅचला तो देत नाहीत. -१ आला की मन खट्टू करून घेऊ नका. तो त्या पॅचसेटपुरता असतो आणि तो देणाऱ्याने तुमचा कोड वाचलाय याची ती पावती आहे. खरी अडचण शांततेची असते. आठवडाभर कुणी फिरकलं नाही तर मीडियाविकीच्या देखभालकर्त्यांच्या यादीत तो घटक कुणाकडे आहे ते बघा, त्या फाइलीच्या इतिहासात अलीकडे कुणी काम केलंय ते बघा, आणि त्यांतल्या दोघा-तिघांना तपासनीस म्हणून जोडा. दहा जणांना जोडलं तर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल.

पॅच छोटा ठेवण्याचं कारणही इथेच कळतं. एका ओळीचा नमपॅराम्सचा बदल कुणीही दोन मिनिटांत वाचून +२ देतो. त्याच पॅचमध्ये तुम्ही चार व्हेरिएबलची नावं सुधारली आणि एक जुनं फंक्शन हलवलं, तर तपासणाऱ्याला अर्धा तास लागणार, आणि तो अर्धा तास त्याला महिनाभर मिळत नाही. साफसफाई करायचीच असेल तर वेगळ्या कमिटमध्ये करा.

+२ मिळाल्यावर चाचण्या आणखी एकदा चालतात आणि बदल मास्टरमध्ये जातो. मराठी विकिपीडियावर तो लगेच दिसत नाही. दर आठवड्याला मंगळवारी मास्टरची नवी शाखा कापली जाते. त्याच दिवशी ती चाचणी विकींवर आणि मीडियाविकी डॉट ऑर्गवर जाते, बुधवारी विकिपीडियाखेरीजच्या बहुतेक प्रकल्पांवर आणि गुरुवारी मराठीसह बाकी सगळ्या विकिपीडियांवर. सोमवारी विलीन झालेला बदल त्याच आठवड्यात गुरुवारी येतो. बुधवारी विलीन झालेला पुढच्या आठवड्याच्या गुरुवारी. या साप्ताहिक फेरीला ‘ट्रेन’ म्हणतात. मध्ये गंभीर दोष निघाला तर ही गाडी थांबवली जाते, सुट्ट्यांच्या आठवड्यात ती निघतच नाही. विकीच्या आवृत्तीच्या विशेष पानावर ‘डब्ल्यूएमएफ’ नंतरचा आकडा बघितला की कुठली शाखा चालू आहे ते कळतं.

नवी किल्ली जोडली असेल तर गुरुवारी तिथे इंग्रजी वाक्य दिसू शकतं, कारण मराठी भाषांतर अजून झालेलं नसतं. विलीनीकरणानंतर ती किल्ली ट्रान्सलेटविकीवर पोचली की लगेच तिथे मराठी भाषांतर करा. तिथलं खातंही वेगळं आहे आणि नव्या सदस्याला आधी काही चाचणी भाषांतरं करून परवानगी घ्यावी लागते, म्हणून ते खातं पॅच तपासणीत असतानाच काढून ठेवा.